न्हाणीघराची फरशी बदलण्याआधी

न्हाणीघर नवं करायचं ठरलं की घरातली माणसं सगळ्यात आधी टाइलच्या दुकानात जातात. तासभर रंग निवडण्यात जातो, पेट्या घरी येऊन पडतात आणि गवंडी येतो तेव्हा त्याला फक्त चिकटवायचं काम उरलेलं असतं. तो जुन्या गिलाव्यावर टाचे मारतो, सिमेंटचं पाणी फासतो आणि दोन दिवसांत मोकळा होतो. पुढचा पावसाळा सरतो, कोपऱ्यात पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसू लागते, वर्षभरात दोन टाइल ढिल्या होतात आणि आपण टाइलला बोल लावतो. टाइल बिचारी ज्या भिंतीवर बसवली तिच्यासारखीच वागते.

ओलीच्या भिंतींबद्दल भगिनींची बरीच पत्रं आली आहेत. म्हणून या महिन्यात फक्त टाइलच्या आतल्या कामाबद्दल लिहिते. हे काम कंटाळवाणं असतं, नंतर दिसतही नाही, आणि यातलं निम्म्याहून जास्त घरच्या माणसांना करता येतं.

उदाहरण आमच्या माहेरच्या घराचं घेते. रत्नागिरी जिल्ह्यातलं जांभ्याचं जुनं घर, मागच्या पडवीला लागून न्हाणी. अब्बांनी बांधली तेव्हा खाली कोबा आणि भिंतींना कमरेपर्यंत सिमेंट, एवढंच होतं. पुढे कधीतरी निम्म्या भिंतीला टाइल लागल्या, एका कोपऱ्यात कमोड आला. ढाळ कुठल्या बाजूला आहे ते पाणीच ठरवायचं. ते उंबऱ्याशी साचायचं. आमच्या अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दिवसातून पाच वेळा वुजू, त्यातला एक पहाटेच्या अंधारात. गेल्या हिवाळ्यात फजरच्या वेळी त्या उंबऱ्याशी घसरल्या. पिंपाची कड हाताला लागली म्हणून डोकं वाचलं, पण मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. त्यानंतर त्या खोलीत बसून तांब्यात वुजू करू लागल्या. न्हाणीत एकटं जायला घाबरायच्या, आणि कोणाला हाक मारायचाही त्यांना संकोच वाटायचा. आता तिकडे लक्ष द्यायलाच हवं होतं.

एका ठेकेदाराने सगळं पाडून नवीन करायचा आकडा सांगितला. तो भाईजानच्या आवाक्यातला नव्हता. भाच्याने आयटीआयमध्ये प्लंबिंग केलं आहे, मला मे महिन्याची सुट्टी होती. मग ठरलं की तोडफोड, भिंती आणि जमिनीची तयारी घरी करायची आणि गवंड्याला गिलाव्याचे दोन दिवस आणि शेवटी टाइलचे दोन दिवस बोलवायचं. कोकणात हे काम मृगाच्या आत उरकलं पाहिजे. पाऊस सुरू झाला की भिंत वाळत नाही, आणि न वाळलेल्या भिंतीवर केलेलं सगळं वाया जातं.

हातोडा उचलण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचं. नळ गळतो, जमिनीतून चढते, बाहेरून पाऊस शिरतो, की नुसती हवेतली वाफ भिंतीवर थिजते? चारही दुखण्यांचं औषध वेगळं. एक साधी परीक्षा आहे. भिंतीचा ओलसर वाटणारा भाग कापडाने पुसून त्यावर हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टीने घट्ट लावायचा. दोन दिवसांनी पाहायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचलं असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. वरच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतली वाफ आहे, आणि तुम्हाला गिलाव्यापेक्षा खिडकीची जास्त गरज आहे. नळाची गळती पकडायला रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्यावर खूण करायची आणि सकाळी पाहायचं. आमच्याकडे रात्रीत बोटभर पाणी उतरलं होतं. भिंतीतला लोखंडी पाइप कोपऱ्याच्या जोडापाशी गंजून पाझरत होता. नुसत्या टाइल बदलल्या असत्या तर तो आतल्या आत पाझरत राहिला असता.

आता तोडायचं. कोणती टाइल आणि कोणता गिलावा काढायचा हे कान सांगतो. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, भद्द आवाज आला की तो भिंतीपासून सुटलाय. सुटलेल्या भागावर खडूने गोल करायचे. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग खडूने भरला तर थिगळं लावण्यात अर्थ नाही, सगळा गिलावा उतरवावा.

त्याआधी मेन स्विच बंद, पाण्याचा कॉक बंद आणि जाळीत कापडाचा बोळा. हा बोळा विसरला की चुन्या-सिमेंटचा चुरा नळीत जाऊन बसतो आणि पाणी पडलं की तिथेच घट्ट होतो. कमोडवर गोणपाट. डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला चांगला मास्क. नुसती ओढणी पुरत नाही, कारण सिमेंट-रेतीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तोडण्याआधी भिंतीवर पाण्याचे हबके मारले की धूळ निम्मी होते. टाइल वरच्या ओळीपासून खाली काढत यायच्या. न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना करवत, ड्रिल, हातोडा काही लावू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ घातक आहे.

राडारोड्याचा हिशेब कोणी करत नाही. मी गणित शिकवते, तेव्हा करून पाहिला. एक चौरस फूट गिलावा, जाडी एक इंच, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. शंभर चौरस फूट उतरवला तर साडेचारशे किलो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अर्ध्याच भरा, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते. आणि गोण्या कुठे जाणार ते आधी ठरवा. आमच्या आवारात एक खड्डा होता म्हणून निभावलं.

गिलावा उतरल्यावर भिंत पाहिली की घराचं खरं वय कळतं. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. चिऱ्यांच्या सांध्यांतला जुना चुना बोटाने निघत होता. असे सांधे अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून ताज्या मसाल्याने भरावे लागतात. भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरा थर होता. मराठीत त्याला लोणा म्हणतात. तो पाण्याबरोबर वर आलेला क्षार असतो. पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतो. सगळे चुकतात ते इथे. लोणा दिसला की लोक भिंत धुतात, आणि पाण्यात विरघळलेला क्षार पुन्हा दगडात शिरतो. आधी कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून काढायचा, खाली पडलेली भुकटी उचलून बाहेर टाकायची, मग भिंत वाळू द्यायची. दोन दिवसांनी परत फुटला तर परत झाडायचा. आम्ही तीनदा झाडला. त्यात पाच दिवस गेले आणि भाचा वैतागला, पण हे पाच दिवस वाचवता येत नाहीत.

काहीजण अ‍ॅसिड ओततात. माझ्या मते घरच्या माणसांनी ते करू नये. आणि अ‍ॅसिडबरोबर ब्लीचिंग पावडर किंवा फरशी धुण्याचं ब्लीच तर कधीच नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि न्हाणीघर लहान, बंद असतं.

गिलाव्याबद्दल कोकणातल्या आणि खाडीकाठच्या वाचकांना एक आग्रहाने सांगते. खाडीची रेती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यात मीठ असतं. जो लोणा पाच दिवस झाडून काढला तोच तुम्ही पैसे देऊन परत भिंतीत घालता. नदीची धुतलेली रेती किंवा खडीची कच घ्या. रेती स्वच्छ आहे का ते पाहायला काचेच्या ग्लासात निम्मी रेती, वर पाणी, हलवून तासभर ठेवायचं. वर मातीचा जाड थर बसला तर ती रेती परत पाठवायची. दुकानदार कुरकुर करतो, करू द्या.

मसाला एकास चार, म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली रेती. गिलावा करण्याआधी भिंत पाण्याने भिजवून घ्यायची, नाहीतर तहानलेला दगड मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा कच्चा राहतो. मात्र पाणी ओघळत असताना लावायचा नाही. भिंत ओलसर, पण वरून कोरडी दिसली पाहिजे. ओळंबा सोडून भिंत कुठे फुगली, कुठे दबली ते पाहा. जुन्या भिंतीत इंच-दीड इंचाचा फरक सहज निघतो. तो एकाच थरात भरायचा नाही. अर्ध्या इंचाच्या आसपास एक थर, तो ओला असताना खिळ्याने रेघा ओढायच्या, तो धरल्यावर दुसरा थर. वरचा थर गुळगुळीत घोटू नका, टाइलला धरायला खडबडीतपणा लागतो. गवंड्याच्या हाताला घोटायची सवय असते, त्याला समोर उभं राहून थांबवावं लागतं.

गिलाव्याच्या आधी नवे पाइप टाकून पाणी सोडा, टोकं बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा. मग मापपट्टी भिंतीला धरून मोबाइलवर फोटो काढा. पुढे आरसा टांगायला कोणी खिळा ठोकेल तेव्हा तो फोटो उपयोगी पडेल.

अम्मींसाठी धरायचा दांडा लावायचा होता. जांभ्यात किंवा जुन्या विटेत नुसता प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू पिळला तर तो टॉवेलचं वजन पेलतो, माणसाचं पेलत नाही. तोल जाताना माणूस दांड्यावर सगळं अंग टाकतो. म्हणून गिलाव्याच्या आधीच, जिथे दांडा येणार तिथे दगड कोरून काँक्रीटचे दोन ठोकळे भरले आणि त्यात बोल्ट गाडून ठेवले. उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच ठीक असते, पण ज्याच्यासाठी लावतो त्याला उभं करून पाहावं. अम्मींनी हात ठेवला तिथे खडूची खूण केली. वुजूला बसायचा ओटाही याच वेळी बांधला. साधारणपणे तो बुटका करतात. म्हाताऱ्या माणसाला बुटक्या ओट्यावरून उठताना गुडघे साथ देत नाहीत. खुर्चीइतका, १७ ते १८ इंच हवा. नळ समोर, पाय ठेवायला खाली चर, आणि चरातलं पाणी सरळ जाळीकडे.

आता जमीन. भिंतीची कसर टाइलखाली झाकता येते, जमिनीची येत नाही. पाणी लगेच सांगतं. ढाळ साधारण ऐंशीस एक ठेवावा, म्हणजे जाळीपासून ८० इंचांवरचा कोपरा एक इंच उंच. त्यापेक्षा कमी केला तर पाणी रेंगाळतं, फार केला तर म्हाताऱ्या पायांना उतरणीवर उभं राहिल्यासारखं होतं आणि बादली सरकते. सातवीच्या मुलांना मी गुणोत्तर शिकवते तेव्हा ती विचारतात, हे कुठे लागतं. यापुढे त्यांना न्हाणीत नेऊन दाखवायला हवं!

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढा. दोन्ही टोकांतलं पाणी नेहमी एकाच पातळीवर राहतं. त्यावरून चारही भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा करून खडूच्या दोरीने रेघ मारा. मग रेघेपासून खाली प्रत्येक कोपऱ्यात मोजा. आमच्या जुन्या कोब्यात जाळीचा कोपरा उंबऱ्यापेक्षा पाऊण इंच उंच निघाला. पाणी दाराकडे का पळत होतं ते कागदावर आलं आणि भाभीचा राग शांत झाला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की मुलंच पाणी उडवतात.

कोबा फोडलात तर दोन गोष्टी त्याच वेळी पाहून घ्या, कारण नंतर हे होत नाही. एक, कमोडची दिशा. जुन्या घरात तो जागा मिळाली तिथे बसवलेला असतो. किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ नको हे आपण सगळेच पाळू पाहतो. महाराष्ट्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला येतो, तेव्हा कमोड दक्षिणोत्तर बसवला की प्रश्न मिटतो. मैल्याची नळी वळवावी लागत असेल तर ती तोडफोडीतच वळते. दुसरं, कमोडच्या भागातलं पाणी वुजूच्या आणि आंघोळीच्या जागेवरून वाहून जाऊ नये. छिंट्यांचा आणि पाकीचा वहीम मग उरत नाही. मध्ये अर्ध्या इंचाची पट्टी आणि दोन वेगळे ढाळ केले की पुरतं. त्याहून उंच पट्टी नको, तिला पाय अडखळतो.

जाळीखालच्या भांड्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. नाव आपल्या न्हाणीचंच आहे. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद ठेवून मुंबईला किंवा आखातात राहणाऱ्यांच्या न्हाणीत शिरताच वास मारतो तो हे पाणी वाळल्यामुळे. दोन तांबे पाणी ओतलं की जातो.

जमिनीचा नवा थर ढाळासकट घातला. गिलावा आणि जमीन दोन्हींना सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मधल्या दिवसांत आंघोळीची सोय मागच्या आवारात, ताडपत्री आणि चार बांबू लावून. बायकांसाठी ही सोय पहिल्या दिवशी झाली पाहिजे, तिसऱ्या दिवशी सुचून उपयोग नाही.

पाणी अडवणारा लेप या थरावर येतो. आधी भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांत मसाल्याची गोलसर किनार भरायची, तिला गवंडी वाटा म्हणतात. काटकोनात लेप चिरतो, गोलाईवर चिरत नाही. पाइप जिथून बाहेर येतात त्याभोवतीही हेच. मग भुकटी आणि द्रव मिसळून होणारा लेप ब्रशने दोन हात, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत पहिल्या हातावर फायबरची जाळी दाबून बसवायची. जमिनीवर सगळीकडे, भिंतीवर फूटभर, आणि अंगावर पाणी घेतो त्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. किती वेळ वाळवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढा वाळू द्या.

त्यानंतर जाळी घट्ट बंद करून, उंबऱ्याशी विटा-मसाल्याचा बांध घालून दीड-दोन इंच पाणी भरायचं आणि पातळीवर पेन्सिलीने रेघ मारायची. दोन दिवस हात लावायचा नाही. रेघ केसभर उतरली तर ती वाफ. बोटभर उतरली तर कुठेतरी छिद्र आहे. टाइल लावायच्या आधी सापडलं तर ते अर्ध्या दिवसाचं काम असतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही परीक्षा टाळायचा हक्कच नाही. तुमच्या जमिनीखाली दुसऱ्याचं छत आहे. काम सुरू करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि खालच्या घरी जाऊन सांगा. पाणी भरल्यावर त्यांच्या छताखाली त्यांच्यासोबत उभं राहून पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. शेजाऱ्याचा हक्क आपण वाअजमध्ये पुष्कळ ऐकतो, आणि त्यांच्या कपाटावर टपटप होत असताना दार उघडत नाही. इमारतीत न्हाणीचा स्लॅब बहुधा खाली दाबलेला असतो आणि तो विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. ती भर वर्षानुवर्षं भिजलेली असेल तर ती काढण्याचं काम माहितगाराला द्या. बीम आणि कॉलमला छिन्नी लावायची नाही, पाइपसाठी चार इंचांची खाचसुद्धा नाही. तसंच गीझरची वायर आणि अर्थिंग हे इलेक्ट्रिशियनचं काम. माझ्या घरी आयटीआय झालेला मुलगा असूनही आम्ही त्याला हात लावू दिला नाही.

आमचं पाणी पहिल्या वेळी उतरलं. पाइपाभोवती लेप पातळ राहिला होता. पाणी काढलं, वाळवलं, तिथे परत जाळी आणि दोन हात दिले, पुन्हा भरलं. दुसऱ्या वेळी रेघ हलली नाही. अठ्ठावीस मेला गवंडी टाइल लावायला आला तेव्हा त्याने काठी टेकवून भिंत पाहिली, ढाळावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते जाळीत गेलेलं पाहून चहा मागितला.

दुकानात मग गेलो. जमिनीला खरखरीत, बिनचकाकीची आणि लहान मापाची टाइल घेतली, कारण लहान टाइल ढाळावर नीट बसते आणि सांधे जास्त असल्याने पाय धरून राहतो. अम्मींना फिकट रंग हवा होता, पाणी सांडलेलं दिसावं म्हणून. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही, तिला टाइलचा चिकट मसालाच लागतो. टाइल कशी पारखायची आणि सांधे कसे भरायचे ते पुढच्या अंकात लिहीन. तोवर ज्यांचं काम चालू आहे त्यांनी आपल्या न्हाणीची लांबी-रुंदी, भिंत कशाची आहे आणि खाली कोणी राहतं का, एवढं पत्रात जरूर कळवावं.